मुदतीची वाटाघाट : मायामींचे निर्गमन आणि तहनाम्यांतील काळ

अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या पेरू या गावाहून ६ ऑक्टोबर १८४६ रोजी मायामी जमातीच्या लोकांना घेऊन कालव्यातील नावा निघाल्या. इतिहासलेखनात या दिवसाला जे स्थान मिळाले आहे ते स्वाभाविकच आहे. एका जमातीचा आपल्या भूमीशी असलेला संबंध तोडला जाण्याची ती दृश्य, मोजता येण्याजोगी आणि दिनांकित घटना आहे. मात्र याच तारखेला, बरोबर अठ्ठावीस वर्षांपूर्वी, ६ ऑक्टोबर १८१८ रोजी सेंट मेरीज येथे झालेल्या तहाने वाबाश नदीच्या दक्षिणेकडील एक विस्तीर्ण मुलूख मायामींसाठी राखून ठेवला होता. तारखांचे हे जुळणे योगायोगाचे आहे. या दोन तारखांमधील अठ्ठावीस वर्षे मात्र योगायोगाने गेलेली नाहीत. त्यांतील वर्षे मागून, अडवून, विकत घेऊन आणि कधी गहाण ठेवून मिळविलेली आहेत. या वाटाघाटींचा वरकरणी विषय जमीन हा असला, तरी १८३० नंतर त्यांचा खरा विषय काळ हा होता. जायचे की नाही, या प्रश्नाची जागा केव्हा जायचे या प्रश्नाने घेतली होती, आणि ‘केव्हा’ या शब्दाच्या आडून ‘कोणी’ हा तिसराच प्रश्न सोडविला जात होता. प्रस्तुत विवेचनात तहनाम्यांकडे निव्वळ पुरावा म्हणून न पाहता संहिता म्हणून पाहावयाचे आहे, ते या ‘केव्हा’चे व्याकरण तपासण्यासाठी.

प्रथम नावाविषयी थोडे. फ्लॉरिडातील मायामी शहराशी या जमातीचा काहीही संबंध नाही. हा निव्वळ ध्वनिसादृश्याने झालेला घोटाळा आहे. जमात स्वतःला म्यामिया म्हणविते. वाबाश नदीचे खोरे, मॉमी नदीच्या उगमाजवळचे केकिओंगा (आजचे फोर्ट वेन), मिसिसिनेवा आणि ईल या नद्यांच्या काठची गावे हा तिचा देश. १७९५ च्या ग्रीनव्हिल तहानंतर तो देश तुकड्यातुकड्याने आकसत गेला. १८२६ च्या तहात वाबाशच्या उत्तरेकडील जमीन गेली, आणि वाबाश-ईरी कालव्याला वाट मोकळी झाली. १८३२ साली फोर्ट वेनला कालव्याचे खोदकाम सुरू झाले. पुढे ज्या जलमार्गाने ही जमात बाहेर नेण्यात आली तो मार्ग तिच्याच भूमीतून, तिच्याच डोळ्यांदेखत खोदला जात होता.

१८३० च्या मे महिन्यात काँग्रेसने जो कायदा केला, त्याने मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील जमातींना पश्चिमेस नेण्याच्या धोरणाला विधिवत रूप दिले. त्या धोरणाचे ‘रिमूव्हल’ हे नाव मराठीत आणताना अडचण येते आणि ती अडचण उद्बोधक आहे. ‘स्थलांतर’ म्हटले तर बळजबरी लोपते. ‘हकालपट्टी’ म्हटले तर कागदोपत्री सांभाळलेला संमतीचा आव लोपतो. मराठीत हलणे आणि हलविणे, निघणे आणि काढणे हे क्रियापद बदलल्याशिवाय भागत नाही. अकर्मक आणि प्रयोजक रूपे वेगळी ठेवावी लागतात. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजीत मात्र ‘रिमूव्ह’ हे एकच क्रियापद दोन्ही कामे करी. ‘जमात रिमूव्ह होईल’ असे लिहिले की जमात कर्तृस्थानी येते, आपण होऊन निघते. त्याच क्रियापदाचे नाम होऊन ते सरकारी खात्याच्या टाचणांत आले की जमात कर्म होते, आणि कर्ता उच्चारावाच लागत नाही. या संदिग्धतेचा फायदा कोणी जाणूनबुजून घेतला असे म्हणण्याचे कारण नाही. भाषेतच ती सोय होती, आणि सत्तेला अशा सोयी फार मानवतात.

२३ ऑक्टोबर १८३४ रोजी वाबाशच्या दुबेळक्याशी झालेला तह हे काळाच्या राजकारणाचे पहिले ठळक उदाहरण होय. यात मायामींनी काही जमीन दिली, पण देशत्याग कबूल केला नाही. अँड्र्यू जॅक्सन यांची कारकीर्द संपेपर्यंत हा तह मान्यतेवाचून पडून राहिला; दुरुस्त्या होऊन त्यावर शिक्कामोर्तब झाले ते डिसेंबर १८३७ मध्ये. तीन वर्षे तहनामा अस्तित्वात होता आणि नव्हताही. अशा लोंबकळत्या अवस्थेत सर्वसाधारणपणे दुबळ्या पक्षाचेच नुकसान होते, असे समजले जाते. येथे मात्र ते अर्धसत्य ठरते. तह अधांतरी असताना जमीन मायामींच्या ताब्यात राहिली. नुकसान झाले ते दुसऱ्या वाटेने. वर्षासनाच्या भरवशावर व्यापाऱ्यांकडून उधार घेणे चालूच राहिले आणि कर्ज वाढले. दिरंगाई फुकट नसते, हा धडा या तीन वर्षांनी दिला. पुढील प्रत्येक वाटाघाटीत तो खरा ठरला.

यानंतरच्या दोन तहनाम्यांवर अधिक रेंगाळणे आवश्यक आहे.

पहिला ६ नोव्हेंबर १८३८ चा. त्याच्या दोनच महिने आधी, उत्तर इंडियानातील पोटावाटोमी जमातीच्या साडेआठशेहून अधिक माणसांना सशस्त्र पहाऱ्यात कॅन्ससकडे चालविण्यात आले होते. वाटेत चाळिसाहून अधिक माणसे मेली, त्यांत मुले फार. हा तांडा ४ नोव्हेंबरला मुक्कामी पोचला. मायामींनी तहावर खुणा केल्या त्या त्यानंतर दोन दिवसांनी. पोचल्याची वार्ता इतक्यात वाबाशवर येणे शक्य नव्हते. परंतु तो तांडा निघाला कसा आणि कोणाच्या संगिनींखाली, हे शेजारच्या मायामींना ठाऊक नसणे त्याहून अशक्य होते. या पार्श्वभूमीवर या तहातील देशांतराचे कलम वाचले की त्याची शब्दयोजना लक्ष वेधून घेते. मिसिसिपीच्या पश्चिमेस एक प्रदेश मायामींना कायमचा देण्याची हमी अमेरिका देते, आणि त्या प्रदेशात जमातीने जावयाचे ते ‘केव्हा’, तर ती आपला सध्याचा देश सोडण्यास राजी होईल तेव्हा. कलमात वर्ष नाही, मुदत नाही. क्रियेचा काळ कर्त्याच्या इच्छेवर सोपविलेला आहे. राजी होण्याची वेळ कधीच आली नाही तर काय, याबद्दल संहिता मौन पाळते.

या मौनाची दोन वाचने संभवतात. सरकारच्या दृष्टीने ‘राजी होईल तेव्हा’ ही शिष्टाचाराची पोकळ पदावली होती. राजी होणे अटळच आहे, प्रश्न काय तो दिवसांचा, असे गृहीत धरून लिहिलेली. योहान्नेस फाबियन यांनी १९८३ साली मानवशास्त्राच्या संदर्भात दाखविले की ‘इतरां’ना आपल्या काळाचे सहवासी न मानता मागे पडलेल्या काळात ढकलणे ही ज्ञानव्यवहाराची एक जुनी खोड आहे. निर्गमनाच्या धोरणाचा सारा युक्तिवाद अशाच काळढकलीवर उभा होता : या लोकांचा काळ संपला आहे, ते अद्याप येथे आहेत एवढेच. उलट मायामींच्या दृष्टीने त्याच पदावलीत तहाच्या अधिकाराने मिळालेला नकार दडलेला होता. तो नकार उच्चारला नव्हता, आणि म्हणूनच तो सेनेटमधून सुखरूप पार पडला.

याच तहातील आणखी एक तरतूद वाटाघाटीचे कसब दाखविते. जमातीचे मुख्य सरदार जाँ बातिस्त रिचर्डव्हिल, ज्यांचे मायामी नाव पिन्शिवा म्हणजे रानमांजर असे होते, हे वृद्ध व अशक्त असून त्यांना लांबचा प्रवास झेपणार नाही. सबब जमात पश्चिमेस गेल्यावरही त्यांच्या व त्यांच्या कुटुंबाच्या वाट्याचे वर्षासन फोर्ट वेन येथे चुकते करावे, असे कलम म्हणते. रिचर्डव्हिल यांना इंडियानात राहण्याचा अधिकार आहे, असे विधान येथे कोठेही नाही. पैसे कोणत्या गावी मोजून द्यावेत, एवढेच आहे. वास्तव्याचा हक्क हिशेबाच्या तपशिलात गुंडाळून मिळविलेला आहे. सरदाराचे म्हातारपण हे कारण एका माणसापुरते आणि त्याच्या हयातीपुरते. परंतु ‘कुटुंब’ हा शब्द शेजारी येऊन बसताच ते पिढ्यांपर्यंत पोचते. मुख्य सवलत गौण वाक्यात ठेवण्याची ही रीत ज्याला साधली त्याला तहाच्या गद्यप्रकाराचे मर्म कळले होते असेच म्हणावे लागेल.

मिशेल द सर्तो यांनी केलेला डावपेच आणि युक्ती यांतील भेद येथे आठवतो. ज्याच्यापाशी स्वतःची जागा असते तो डावपेच लढवितो; ज्याच्यापाशी जागा नसते तो काळावर, संधीवर जगतो आणि युक्ती करतो. दुर्बलांच्या प्रतिकाराचे वर्णन करताना हा भेद अलीकडे वारंवार वापरला जातो; मायामींच्या बाबतीत तो अर्ध्यावरच साथ सोडतो. मायामींपाशी १८३८ मध्ये जागा होती. ती जात होती, पण गेलेली नव्हती. त्यांनी काळाचा उपयोग केला तो जागेचे रूपांतर करण्यासाठी. जमातीची सामाईक जमीन जाणार हे दिसू लागताच, प्रत्येक तहात काही व्यक्तींच्या नावे चौरस मैलांचे तुकडे वेगळे काढून घेण्यात आले. सामाईक जमीन तहाने जाते. खाजगी मालकीची जमीन अमेरिकेच्या स्वतःच्या कायद्याने रक्षिली जाते. सरकारच्या मालमत्ताविषयक श्रद्धेचा सरकारविरुद्ध केलेला हा वापर होता, आणि तो करण्यास वेळ लागत होता. मिळविलेले प्रत्येक वर्ष म्हणजे असे आणखी काही तुकडे.

परंतु तुकडे कोणाच्या नावे? येथे रिचर्डव्हिल यांच्याविषयीचा जुना वाद येतो. त्यांचा जन्म केकिओंगाचा. आई ताकुमवा ही सरदार पकानची बहीण आणि स्वतः व्यापार सांभाळणारी कर्तबगार स्त्री. वडील फ्रेंच व्यापारी. मृत्युसमयी ते इंडियानातील सर्वांत धनाढ्य गृहस्थांपैकी एक गणले जात. तहांतून त्यांना स्वतःला मोठ्या जमिनी मिळाल्या. १८२६ च्या तहानुसार सरदारांना सरकारी खर्चाने घरे बांधून देण्यात आली. त्यांना लोभी मध्यस्थ म्हणणारे आणि मुत्सद्दी तारणहार म्हणणारे असे दोन पक्ष इतिहासलेखनात दिसतात. दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरतात : स्वार्थ आणि जमातीचे हित यांपैकी एकच खरे असले पाहिजे. तहनामे तसे सांगत नाहीत. रिचर्डव्हिल यांच्या जमिनीवर त्यांच्या नात्यागोत्याची आणि आश्रितांची गावे वसली, हे खरे. ज्यांना असे गोत नव्हते, त्यांना त्या जमिनीचा आधार मिळाला नाही, हेही तितकेच खरे. मुदत सर्वांना सारखी मिळाली नव्हती.

हे उघड झाले २८ नोव्हेंबर १८४० च्या तहात. त्याच्या आरंभीच एक चमत्कारिक शब्द आहे. अमेरिकेच्या वतीने वाटाघाटी करणारे सॅम्युएल मिलरॉय आणि ॲलन हॅमिल्टन हे ‘अनधिकृतपणे’ आयुक्त म्हणून काम करीत आहेत, असे तहनामाच सांगतो. राष्ट्राराष्ट्रांतील तहाच्या पहिल्या वाक्यात एका पक्षाच्या प्रतिनिधींनी आपल्याला अधिकार नसल्याची कबुली द्यावी, आणि तरीही तो तह दुरुस्त्यांनिशी मान्य होऊन ७ जून १८४१ रोजी घोषित व्हावा, हे विलक्षणच होय. हॅमिल्टन हे फोर्ट वेनचे व्यापारी; रिचर्डव्हिल यांचे विश्वासू; पुढे सरकारचे एजंटही झाले. एकाच माणसात इतक्या भूमिका असल्या की ‘कोणत्या पक्षाने काय मिळविले’ हा प्रश्न सरळ राहत नाही.

या तहाने राखीव मुलखाचा उरलेला भाग साडेपाच लाख डॉलरांना गेला. त्यांतील फार मोठा हिस्सा जमातीच्या कर्जफेडीसाठी बाजूला काढण्यात आला आणि उरलेली रक्कम वीस वार्षिक हप्त्यांत द्यावयाची ठरली. कर्ज हा येथे बाहेरून आलेला अपघात नव्हे. टॉमस जेफर्सन यांनी फेब्रुवारी १८०३ मध्ये विल्यम हेन्री हॅरिसन यांना लिहिलेल्या पत्रात सरकारी व्यापारकेंद्रांतून जमातींच्या प्रमुखांना कर्जात पडू द्यावे, म्हणजे ते जमीन देऊन मोकळे होण्यास तयार होतील, अशी मसलत स्पष्ट शब्दांत दिलेली आहे. सदतीस वर्षांनी त्याच मसलतीचे फळ वाबाशवर हाती आले, ते खाजगी व्यापाऱ्यांच्या खातेवह्यांमार्फत. तहापूर्वी काही दिवस हेच हॅरिसन अमेरिकेच्या अध्यक्षपदी निवडून आलेले होते. १८१२ च्या डिसेंबरात मिसिसिनेवाकाठची मायामी गावे जाळली गेली, ती त्यांच्याच हुकुमाने निघालेल्या फौजेकडून.

आता देशांतराचे कलम. जमात पश्चिमेकडील प्रदेशात या दिनांकापासून पाच वर्षांच्या आत जाईल. खर्च सरकारचा. पोचल्यावर बारा महिने शिधा, आणि दुसऱ्या वर्षी डुकराचे मांस व पीठ यांसाठी चार हजार डॉलर. १८३८ चे ‘राजी होईल तेव्हा’ आणि १८४० चे ‘पाच वर्षांच्या आत’ ही दोन पदे शेजारी ठेवून वाचली की दोन वर्षांत झालेला बदल ध्यानात येतो. इच्छार्थाची जागा आज्ञार्थाने घेतली. कर्त्याच्या मनात असलेला काळ बाहेर येऊन दिनदर्शिकेवर टांगला गेला. तरीही कर्ता जमातच राहिली. तिला कोणी हलवीत नाही, ती हलते. मराठीत ‘मुदत’ या शब्दाला जी धार आहे, ती येथे नेमकी उपयोगी पडते. काळ वाहतो, वेळ येते. मुदत मात्र कोणीतरी देतो, कोणीतरी मागतो, आणि ती भरते. १८३८ च्या तहात वेळ होती, १८४० च्या तहात मुदत आहे.

पाचच वर्षे का, याचे उत्तर एका पक्षाच्या औदार्यात किंवा दुसऱ्याच्या चातुर्यात शोधणे व्यर्थ आहे. पाच वर्षे म्हणजे मायामींसाठी मक्याची पाच पिके आणि शिकारीचे पाच हिवाळे. वाबाशवरील व्यापाऱ्यांसाठी ती इंडियानातच वाटली जाणारी आणखी काही वर्षासने होती, म्हणजे तितकीच वर्षे चालणारी दुकाने. राज्याला मोजणीसाठी आणि वसाहतीसाठी एक निश्चित क्षितिज मिळाले. कोणाचाच पूर्ण विजय नसलेल्या ठिकाणी हा आकडा येऊन थांबला. त्या आकड्याच्या सावलीत काही कुटुंबांनी मुदतीलाच वळसा घातला. त्याच वर्षी वारलेल्या फ्रान्सिस गॉडफ्रॉय यांच्या कुटुंबाला रिचर्डव्हिल यांच्यासारखीच सवलत मिळाली. मेतोसिना याच्या गटासाठी त्याचा मुलगा मेशिंगोमेशिया याच्याकडे विश्वस्त या नात्याने मिसिसिनेवावरील जमीन सोपविण्यात आली. उरलेल्यांसाठी घड्याळ सुरू झाले. रिचर्डव्हिल स्वतः १३ ऑगस्ट १८४१ रोजी वारले; ज्या मुदतीची घासाघीस त्यांनी केली तिचे पहिले वर्षही त्यांनी पाहिले नाही.

या सवलतींमध्ये एक प्रकरण साहित्याच्या अभ्यासकाला विशेष विचारात पाडणारे आहे. फ्रान्सिस स्लोकम ही पेनसिल्व्हेनियातील क्वेकर घराण्यातील मुलगी. १७७८ साली, पाच वर्षांची असताना, डेलावेअर लोकांनी तिला नेले. पुढे ती मायामींत वाढली, मायामी पुरुषाशी तिने संसार केला, माकोन्सिक्वा या नावाने तिने मिसिसिनेवाकाठी आयुष्य काढले. १८३७ मध्ये भावंडांनी तिला शोधून काढले तेव्हा ती परत गेली नाही. तिला इंग्रजी बोलता येत नव्हते. १८३८ च्या तहात तिच्या दोन मुलींच्या नावे जमीन मिळाली होती. परंतु जमीन असणे आणि वर्षासन तेथेच मिळणे या गोष्टी वेगळ्या होत्या. तेव्हा तिच्या वतीने काँग्रेसला अर्ज करण्यात आला, आणि ३ मार्च १८४५ च्या संयुक्त ठरावाने तिच्यासह तिच्या परिवारातील वीसहून अधिक माणसांना वर्षासन इंडियानात मिळण्याची, म्हणजेच तेथे राहण्याची मुभा मिळाली.

सतराव्या शतकापासून अमेरिकेत बंदिवासकथा हा एक मान्यताप्राप्त वाङ्मयप्रकार होता. गोऱ्या स्त्रीचे अपहरण, रानातील हाल आणि ईश्वरी कृपेने सुटका, असा त्याचा साचा. स्लोकमच्या आयुष्याने या साच्यातील शेवटची पायरी नाकारली. सुटका तिला नकोच होती. गंमत अशी की, नाकारलेल्या साच्यानेच तिला वाचविले. काँग्रेसच्या सभासदांना ती वाचता आली, कारण ती त्यांच्या ओळखीच्या कथाप्रकारातील नायिका होती. वृद्ध आहे, परक्या मुलखात जगू शकणार नाही, पूर्वजांच्या नव्हे तरी पतीच्या आणि मुलांच्या थडग्यांपाशी मरू द्या, या विनवणीत असे काहीही नव्हते जे मायामींतील दुसऱ्या कोणत्याही वृद्धेला म्हणता आले नसते. ज्या वृद्धांपाशी अशी कथा नव्हती, त्यांचे म्हणणे एजंटांच्या पत्रांत ‘टाळाटाळ’ या सदराखाली जमा झाले. करुणेलाही वाङ्मयप्रकाराची शिफारस लागते.

रिचर्डव्हिल यांच्यानंतर मुख्य सरदार झाले त्यांचे जावई फ्रान्सिस ला फॉन्तेन, मायामी नाव तोपिया. त्यांच्या वाट्याला मुदतीची शेपटी आली. दरम्यान देशांतराचे काम मक्त्याने देण्यात आले होते, आणि मक्ता एका हातातून दुसऱ्या हातात विकला गेला. अखेरीस त्यात हात असणाऱ्यांमध्ये अलेक्सी कोकियार आणि जमातीचे जुने धनको जॉर्ज युइंग यांसारखे व्यापारी होते. जमातीचे कर्ज ज्यांच्या वह्यांत, तिला नेण्याचा मक्ताही त्यांच्याच वर्तुळात. जमात इंडियानात राहिली तर वर्षासनाचा पैसा त्यांच्या दुकानांत. गेली तर प्रवासाचा पैसा त्यांच्या मक्त्यात. त्यांना भीती होती ती फक्त अनिश्चिततेची.

२८ नोव्हेंबर १८४५ रोजी मुदत भरली. जमात निघाली नाही. घरे, गुरे, सुधारलेली शेते विकायची आहेत, येणी वसूल व्हायची आहेत, हिवाळा तोंडावर आहे, अशी कारणे पुढे येत राहिली. सरकारी दप्तरांत या कारणांना बहाण्यांचा सूर चढविलेला आढळतो. वस्तुतः त्यांतील एकही कारण खोटे नाही. लिहिणाऱ्याने ज्याला बहाणा म्हटले ते बोलणाऱ्याच्या जगात कामांचे वेळापत्रक होते. मायामींच्या महिन्यांची नावेच ऋतूंवरून व प्राण्यांवरून पडलेली. शरदातले महिने गवत पेटविण्याच्या व धुराच्या दिवसांवरून ओळखले जाणारे. त्या वेळापत्रकात ‘या दिनांकापासून पाच वर्षे’ हा हिशेब बसत नाही, असे मात्र समजू नये. पन्नास वर्षे तहांच्या तारखा आणि हप्ते सांभाळणाऱ्या या लोकांना सरकारी दिनदर्शिका उत्तम कळत होती. त्यांना दोन दिनदर्शिका येत होत्या, आयुक्तांना एक.

शेवटी वाटाघाटीची भाषा बदलली. इंडियन व्यवहार खात्याचे आयुक्त विल्यम मेडिल यांनी वर्षासन रोखण्याचा धाक घातला. ज्या युक्तीने रिचर्डव्हिल यांनी राहण्याचा हक्क पैसे मिळण्याच्या जागेत गुंडाळला होता, तीच उलटी फिरविण्यात आली : पैसे पश्चिमेस, म्हणून माणसे पश्चिमेस. सप्टेंबर १८४६ मध्ये पेरू येथे सैन्याची तुकडी येऊन दाखल झाली. गोळी झाडावी लागली नाही. तशी वेळ न येणे हेच तिच्या येण्याचे प्रयोजन होते. कालवा थंडीत गोठून बंद होई. ऑक्टोबर हातचा जाता तर पुढचा वसंतच. मुदतीनंतर दहा महिन्यांहून अधिक काळ लोटला होता. ६ ऑक्टोबरला नावा सुटल्या. वाटेत हंटिंग्टन आणि फोर्ट वेन येथे आणखी माणसे चढविण्यात आली. ज्यांनी हा दिवस पुढे ढकलण्यात आयुष्ये घालविली त्यांच्यापैकी ला फॉन्तेन त्याच प्रवासात होते.

ओहायोत शिरल्यावर नावा दक्षिणेकडे वळल्या त्या मायामी-ईरी कालव्यात. या जमातीच्या नावाची नदी आणि त्या नदीच्या नावाचा कालवा. सिनसिनाटीपासून आगबोटीने ओहायो नदीतून सेंट लुईस, तेथून मिझूरी नदीने आजच्या कॅन्सस सिटीजवळचा धक्का, आणि नंतर जमिनीवरून. तीनशेहून अधिक माणसे नोव्हेंबरच्या आरंभी पोचली. वाटेत काही दगावली, काही जन्मलीही. जन्मलेल्यांसाठी वर्षासनाचे वाटे कोणत्या तारखेपासून धरावयाचे, हा प्रश्नही मग दप्तरात येणारच होता.

या प्रक्रियेला ‘प्रतिकार’ म्हणावे काय? मायामी इतिहासाचे अभ्यासक स्ट्युअर्ट रॅफर्ट यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथाच्या उपशीर्षकात इंडियानातील मायामींना चिवटपणे टिकून राहिलेले लोक म्हटले आहे, आणि कथन १८४६ वर न तोडता १९९४ पर्यंत नेले आहे. ही मांडणी आवश्यक होती. परंतु टिकून राहणे हा शब्द राहिलेल्यांच्या बाजूने बोलतो. मुदतीच्या वाटाघाटीने जमातीचे जवळजवळ दोन सारखे भाग केले, आणि विभागणीची रेषा धैर्याची किंवा इच्छेची नव्हती. ती नात्याची, जमिनीच्या दाखल्याची आणि तहात नाव येण्या-न येण्याची होती. काळ मिळविला सर्वांनी मिळून, सर्वांच्या सामाईक जमिनीच्या मोबदल्यात. तो जमा झाला काहींच्या नावे. हे म्हणणे रिचर्डव्हिल किंवा मेशिंगोमेशिया यांच्यावर आरोप करणे नव्हे. सामाईक हक्क मान्यच न करणाऱ्या कायद्याशी बोलताना व्यक्तीच्या नावानेच बोलावे लागते, आणि नाव घेतले की यादी होते, यादी झाली की तिच्याबाहेर कोणीतरी राहतेच. प्रतिकाराचा गौरव करणाऱ्या अलीकडच्या समीक्षेला या यादीबाहेरच्यांचे काय करावे हे अजून नीटसे सुचलेले नाही.

यादीतल्यांचेही सारे सुखरूप राहिले नाही. इंडियानातील मायामींची जमात म्हणून असलेली मान्यता १८९७ साली केंद्र सरकारच्या एका विधिअधिकाऱ्याच्या अभिप्रायाने काढून घेण्यात आली. पश्चिमेस गेलेल्यांना १८६७ च्या तहाने पुन्हा हलावे लागले, आजच्या ओक्लाहोमात. भाषा दोन्हीकडे बोलण्यातून गेली; मिशनऱ्यांच्या आणि संशोधकांच्या टिपणांतून, विशेषतः गॉडफ्रॉय घराण्यातील गॅब्रिएल यांच्याकडून जेकब डन यांनी लिहून घेतलेल्या सामग्रीतून ती अलीकडच्या दशकांत पुन्हा उभी केली जात आहे. त्या कामाचे एक केंद्र ओहायोतील ऑक्सफर्ड येथे, त्याच मायामी खोऱ्याच्या नावाने १८०९ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठात आहे. १८४६ च्या नावा ज्या खोऱ्यातून गेल्या, त्यापासून ते दूर नाही.

कॅन्ससमध्ये पहिला हिवाळा काढून ला फॉन्तेन १८४७ च्या वसंतात घरी परत निघाले. सासऱ्यांच्या सवलतीमुळे त्यांच्या कुटुंबाला इंडियानात राहण्याची मुभा होतीच. ते वाबाशपर्यंत आले आणि एप्रिलमध्ये लाफायेत येथे वारले. त्यांच्या आधी महिनाभर, मार्चमध्ये, फ्रान्सिस स्लोकम मिसिसिनेवाकाठी आपल्या घरी वारली होती. कॅन्ससमधील जमिनीचा बहुतांश १८५४ च्या तहाने अमेरिकेकडे परत गेला. त्या वेळी १८४० च्या तहातील, म्हणजे इंडियानातील जमिनीच्या किमतीपोटी ठरलेले, वीस वार्षिक हप्ते अजून संपावयाचे होते.